एकाच चित्रपटाचे तीन आकडे: ऐंशीच्या सुरुवातीची अमेरिकन तिकीटबारी

तुमचा प्रश्न असा: १९८० ते १९८४ या पाच वर्षांतल्या अमेरिकन हिट चित्रपटांचा तक्ता तुम्ही तयार करत आहात. त्यात 'ई.टी.'च्या नावापुढे एकीकडे २२ कोटी ८० लाख डॉलर, दुसरीकडे ३५ कोटी ९० लाख आणि तिसरीकडे ४३ कोटी ५० लाख असे आकडे सापडले. यातला खरा कोणता? पहिल्या वीकेंडच्या गल्ल्यात हा चित्रपट 'स्टार ट्रेक २'च्या मागे होता, मग सगळ्यांच्या पुढे गेला कसा? आणि आठ ऑस्कर मिळवूनही 'गांधी' या यादीत वर का दिसत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरंही याच गुंत्यात दडलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मुंबईत चित्रपट वितरणाच्या धंद्यात तीस वर्षांहून जास्त काळ काढला आणि माझी सुरुवात हिशेबाच्या टेबलावर झाली. थिएटरांकडून येणारे डीसीआर, म्हणजे रोजच्या विक्रीचे कागद, वहीत चढवायचे आणि आठवड्याच्या शेवटी कोणाचा वाटा किती ते काढायचं, हे माझं काम होतं. त्या टेबलावर पहिली गोष्ट शिकलो ती ही, की 'पिक्चरने किती केले?' हा प्रश्न अर्धवट आहे. कोणासाठी किती, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

खिडकीवर प्रेक्षकाने मोजलेली एकूण रक्कम म्हणजे गल्ला, धंद्याच्या भाषेत ग्रॉस. आपल्याकडे त्या काळी तिकिटाच्या किमतीतला मोठा भाग करमणूक करात जायचा. म्हणून आपण ग्रॉस, नेट आणि शेअर अशा तीन पायऱ्या करायचो: कर वजा केला की नेट, आणि थिएटरचा खर्च किंवा भाडं वजा करून वितरकाच्या हातात उरतो तो शेअर. अमेरिकेत कराचा असा बोजा नव्हता, त्यामुळे दोनच पायऱ्या होत्या: गल्ला, आणि त्यातून वितरक कंपनीकडे येणारा वाटा. या वाट्याला तिथे 'रेंटल' म्हणत. 'व्हरायटी' हे तिथल्या धंद्याचं मुखपत्र दर जानेवारीत मागच्या वर्षातल्या मोठ्या चित्रपटांची यादी छापायचं, ती या रेंटलची असायची. कारण सरळ आहे. तो अंक वाचणारे लोक स्टुडिओतले, वितरणातले आणि थिएटरवाले होते, आणि त्यांना कंपनीच्या हातात काय आलं एवढ्याशीच मतलब होता. तुमचा २२ कोटी ८० लाखांचा आकडा अशाच यादीतला आहे. तो युनिव्हर्सलकडे, म्हणजे 'ई.टी.'च्या वितरक कंपनीकडे, आलेला वाटा आहे, प्रेक्षकांनी खर्च केलेली रक्कम नव्हे.

हा वाटा ठरायचा कसा, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होईल. मोठ्या चित्रपटासाठी तेव्हाचा प्रचलित करार ९०-१० असा होता. आधी थिएटरचा ठरवून दिलेला साप्ताहिक खर्च बाजूला काढायचा, उरलेल्यातले ९० टक्के वितरकाला आणि १० टक्के थिएटरला. सोबत एक किमान पातळी ठरलेली असायची: पहिल्या आठवड्यांत एकूण गल्ल्याच्या समजा ७० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम वितरक घेणार नाही. उदाहरणादाखल बघा. आठवड्याचा गल्ला ३०,००० डॉलर आणि थिएटरचा मान्य खर्च ८,००० डॉलर धरू. उरलेल्या २२,००० चे ९० टक्के म्हणजे १९,८००. पण ३०,००० चे ७० टक्के २१,००० होतात. दोन्हींपैकी मोठी रक्कम वितरकाची, म्हणजे २१,००० कंपनीला आणि ९,००० थिएटरला. आठवडे उलटत तशी ही किमान टक्केवारी ६०, ५०, ४० अशी उतरत जायची. म्हणजे चित्रपट जितका जास्त टिकेल तितका थिएटरवाल्याचा हिस्सा वाढायचा. पहिल्या आठवड्यात त्याची खरी कमाई पॉपकॉर्न आणि थंड पेयांवर व्हायची, आठव्या आठवड्यापासून पडद्यावर. अमेरिकन थिएटरवाला लांब चालणाऱ्या चित्रपटावर जीव का टाकायचा, ते यावरून कळेल.

चालू शतकातल्या याद्या मात्र गल्ल्याच्या असतात. तुमच्या तक्त्यात काही ओळी 'व्हरायटी'च्या जुन्या यादीतून आणि काही आजच्या संकेतस्थळांवरून आल्या असतील, तर तो तक्ता मोडून पुन्हा करा. नाहीतर 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'पुढे एकदा १४ कोटींच्या आसपासचा आणि एकदा २० कोटी ९० लाखांचा आकडा येईल, आणि एकाच चित्रपटाचे दोन झाल्यासारखे दिसतील. हीच चूक छापील लेखांतही मी अनेकदा पाहिली आहे. कुणी एका चित्रपटाचा शेअर आणि दुसऱ्याचा ग्रॉस शेजारी ठेवतं आणि मग त्यावरून मोठमोठे निष्कर्ष निघतात. मन खट्टू होतं, कारण हिशेब अवघड नाही, फक्त मथळा नीट वाचायला हवा.

आता ३५ कोटी ९० लाख आणि ४३ कोटी ५० लाख यांतला फरक. पहिला आकडा 'ई.टी.'च्या मूळ प्रदर्शनाचा गल्ला आहे. हे प्रदर्शन ११ जून १९८२ ला सुरू झालं आणि वर्षभर चाललं. दुसऱ्यात नंतरची पुनःप्रदर्शनं मिळवलेली आहेत, १९८५ चं आणि विसाव्या वर्षानिमित्त २००२ मध्ये झालेलं. घरोघरी व्हिडिओ येण्याआधी जुना चित्रपट पुन्हा पाहायचा तर तो पुन्हा थिएटरात लागण्याचीच वाट पाहावी लागे, आणि स्टुडिओ ही वाट नियमाने मोकळी करत. १९७७ चा 'स्टार वॉर्स' १९७९, १९८१ आणि १९८२ मध्ये परत आला. त्यातल्या १९८१ च्या प्रिंटवर 'भाग ४' ही ओळ पहिल्यांदा झळकली. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'चा २१ कोटी २० लाखांचा आकडा तुम्ही बघाल, तो मूळ प्रदर्शनाचा आहे; पुढच्या दोन वर्षांतल्या फेऱ्या मिळवल्या की तो २४ कोटींच्या वर जातो. आपल्याकडे याला 'रिपीट रन' म्हणत. आमच्या वहीत त्याचं खातंच वेगळं असायचं. तुमच्या तक्त्यातही ते वेगळं ठेवा.

दुसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडीचा आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घेतो.

जून १९८२ चे आकडे समोर ठेवा. ४ जूनला 'स्टार ट्रेक २: द रॅथ ऑफ खान' १,६२१ थिएटरांत लागला आणि तीन दिवसांत त्याने १ कोटी ४३ लाख डॉलर जमवले. तोवरचा तो विक्रम होता. त्याआधीच्या वर्षी 'सुपरमॅन २'ने १ कोटी ४१ लाख जमवून विक्रम केला होता, तो मोडला. पुढच्याच शुक्रवारी 'ई.टी.' १,१०३ थिएटरांत लागला आणि त्याला १ कोटी १८ लाख मिळाले. म्हणजे पहिल्या वीकेंडच्या आकड्यात तो 'स्टार ट्रेक २'च्या मागे. पण वही घेऊन बसलेला माणूस एवढ्यावर थांबत नाही, तो थिएटरांच्या संख्येने भागतो. 'स्टार ट्रेक २'ला दर थिएटरमागे साधारण ८,८०० डॉलर आले आणि 'ई.टी.'ला १०,७००. शुक्रवार ते रविवार एवढ्या अंतरातच कळत होतं की या चित्रपटाच्या रांगा जास्त लांब आहेत.

मग जे झालं ते धंद्यातल्या माणसाला आयुष्यात क्वचितच बघायला मिळतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वीकेंडला 'ई.टी.'चा गल्ला उतरण्याऐवजी चढला. कुठलाही चित्रपट पहिल्या आठवड्यानंतर खाली येतो, चांगला असेल तर हळूहळू, वाईट असेल तर धाडकन. वर जातो याचा अर्थ बघून आलेला माणूस घरी जाऊन गप्प बसत नाही, शेजाऱ्याला घेऊन परत येतो. आपल्याकडे याला 'माउथ पब्लिसिटी' म्हणतात. हा चित्रपट सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, मग कधी दुसऱ्या, कधी पहिल्या क्रमांकावर येत-जात राहिला. एकूण १६ वीकेंड तो सर्वांत वर होता. 'स्टार ट्रेक २'चा अखेरचा गल्ला ७ कोटी ९० लाखांच्या घरात गेला, म्हणजे पहिल्या वीकेंडच्या साडेपाच पट. 'ई.टी.'चा मूळ प्रदर्शनातला गल्ला पहिल्या वीकेंडच्या तीस पट आहे.

या तीस पटीचा अर्थ तिकिटांत काढू. १९८२ मध्ये अमेरिकेत तिकिटाचा सरासरी दर २ डॉलर ९४ सेंट होता. त्याने ३५ कोटी ९० लाखांना भागलं तर १२ कोटींहून अधिक तिकिटं होतात, आणि मुलांची तिकिटं स्वस्त असल्याने प्रत्यक्षात जास्तच खपली असणार. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या २३ कोटींच्या आसपास होती. अर्ध्या देशाएवढी तिकिटं एका चित्रपटाची. तेही कधी, तर देश मंदीत होता आणि त्या वर्षअखेरीस बेकारी १० टक्क्यांच्या वर गेली होती. चित्रपटाचा निर्मितीखर्च होता साधारण १ कोटी ५ लाख डॉलर.

याच चित्रपटाची आणखी एक गोष्ट वितरणातल्या नव्या मुलांना मी नेहमी सांगत आलो. हा विषय आधी कोलंबिया स्टुडिओकडे होता. हा लहान मुलांपुरता चित्रपट आहे, मोठे लोक येणार नाहीत, असा अंदाज बांधून त्यांनी तो सोडून दिला आणि तो युनिव्हर्सलकडे गेला. सोडताना कोलंबियाने निव्वळ नफ्यात छोटासा हिस्सा मात्र राखून ठेवला, आणि तो हिस्साच त्यांना भरघोस पैसा देऊन गेला. चित्रपटात त्या परग्रहवासी पिल्लाला भुलवायला गोळ्या टाकायच्या होत्या. त्यासाठी आधी एम अँड एम्सच्या कंपनीला विचारलं, तिने नकार दिला, आणि हर्शीच्या रीसेस पीसेसला ती जागा मिळाली. प्रदर्शनाआधी कुणाला काहीच ठाऊक नसतं, हे इतक्या ठसठशीतपणे सांगणारं उदाहरण दुसरं नाही.

आता हे शक्य का झालं, ते बघा. १९८० च्या सुमारास अमेरिकेत ड्राइव्ह-इन धरून साधारण साडेसतरा हजार पडदे होते. आज एखादा मोठा चित्रपट चार हजारांहून अधिक ठिकाणी एकाच दिवशी लागतो. तेव्हा हजार-अकराशे थिएटरं म्हणजे मोठं प्रदर्शन. १९७५ ला 'जॉज' ४०९ थिएटरांत लागला तेव्हा तो धाडसी निर्णय वाटला होता. 'स्टार वॉर्स'ची सुरुवात ३२ थिएटरांपासून झाली. आणि मे १९८० मध्ये ज्याची सगळे वाट पाहत होते तो 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'सुद्धा पहिल्यांदा फक्त १२६ थिएटरांत लागला. त्यातल्या बहुतेक ठिकाणी ७० मिमीच्या प्रिंट होत्या. मोठा पडदा, सहा पट्ट्यांचा आवाज, आणि शहरात एक किंवा दोनच जागा. ज्यांना तिथे जागा मिळाली नाही ते पुढच्या आठवड्यात आले, त्यांचे चुलतभाऊ त्याच्या पुढच्या. जूनमध्ये तो इतरत्र पसरला. भूक वाढवत नेण्याची ही पद्धत होती.

यामागे कलेइतकंच वजनही होतं, अगदी शब्दशः. दोन तासांच्या चित्रपटाची ३५ मिमीची एक प्रिंट म्हणजे डब्यांत भरलेली सहा-सात मोठी रिळं. प्रत्येक प्रिंटला हजाराहून अधिक डॉलर लागत, ७० मिमीला त्याच्या कितीतरी पट. मग ती पेटी एका गावातून दुसऱ्या गावी न्यायची, ओरखडे तपासायचे, तुटलेलं जोडायचं. आमच्या कार्यालयात सकाळचा पहिला फोन बहुतेक वेळा 'पेटी पोचली का?' एवढ्यासाठीच असायचा, आणि याबाबत मुंबई आणि लॉस एंजलिसमध्ये काही फरक नव्हता. जितक्या प्रिंट कमी, तितके प्रेक्षक आठवड्यांवर पसरतात. म्हणून त्या काळच्या चित्रपटाची ताकद पहिल्या रविवारी मोजता येत नाही.

हे एकट्या 'ई.टी.'चं नाही. त्याच वर्षीच्या जुलैअखेर 'ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन' ३४६ थिएटरांत लागला आणि पहिल्या वीकेंडला जेमतेम ३३ लाख डॉलर आले. अखेरीस तो १३ कोटींच्या जवळ पोचला, म्हणजे जवळजवळ चाळीस पट. डिसेंबरात 'टूटसी' ५५ लाखांवर सुरू झाला आणि १७ कोटी ७० लाखांवर थांबला. एप्रिल १९८३ मध्ये 'फ्लॅशडान्स'ची सुरुवात ४१ लाखांची, शेवट ९ कोटी ३० लाखांच्या आसपास. या शेवटच्या चित्रपटात मला नवी गोष्ट दिसते. १ ऑगस्ट १९८१ ला गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली होती. चित्रपटातली गाणी रेडिओवर आणि त्या वाहिनीवर वाजत राहिली, आणि प्रत्येक वेळी गाणं वाजलं की चित्रपटाची जाहिरात होत राहिली. हिंदी चित्रपटाला गाण्याचा हा उपयोग कितीतरी आधीपासून ठाऊक होता, त्यामुळे आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. अमेरिकन स्टुडिओंना मात्र वाटलं, आणि पुढे 'फुटलूज'सारखे चित्रपट त्याच वाटेने आले.

'रेडर्स'बद्दल वेगळं सांगायला हवं. १२ जून १९८१ ला तो लागला, तीन दिवसांत ८३ लाख. पुढच्याच शुक्रवारी 'सुपरमॅन २'ने त्याच्या दीडपटीहून जास्त उघडणी केली. तेव्हा पैज लावायची असती तर बहुतेकांनी 'सुपरमॅन'वर लावली असती. 'सुपरमॅन २' १० कोटी ८० लाखांवर थांबला, 'रेडर्स' मात्र काही थिएटरांत वर्षभर उतरलाच नाही. 'सुपरमॅन २' बाबत एक लक्षात ठेवा: अमेरिकेत यायच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९८० पासून, तो इतर देशांत लागलेला होता. तुमच्या तक्त्यात त्याचं साल १९८० पडलं असेल तर अमेरिकेपुरतं ते १९८१ करा.

उलट्या टोकाचे चित्रपटही होते. मे १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' साडेपाच लाख डॉलरच्या आसपास खर्चात बनला. पॅरामाउंटने तो तयार विकत घेतला, टीव्हीवर जोरदार जाहिरात केली आणि अकराशे थिएटरांत एकदम लावला. पहिल्या वीकेंडला ५८ लाख, एकूण ३ कोटी ९७ लाख. सातपटीपेक्षा कमी, पण खर्चाच्या मानाने प्रचंड. पुढे सगळ्या हॉलिवूडने जी पद्धत उचलली, सगळीकडे एकदम लावायचं आणि टीव्हीवर पैसा ओतायचा, ती या स्वस्त भयपटात आधीच पूर्ण दिसते.

पडलेल्या चित्रपटांकडे मी घाईत जाणार नाही, कारण हिटचा अर्थ त्यांच्याशिवाय कळत नाही. २५ जून १९८२ ला, 'ई.टी.' तिसऱ्या आठवड्यात असताना, एकाच दिवशी 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' लागले. पहिल्याचा खर्च २ कोटी ८० लाखांच्या घरात, दुसऱ्याचा दीड कोटी. 'द थिंग'ला दोन कोटींहूनही कमी गल्ला मिळाला. वर सांगितलेला वाटा आठवा: दोन कोटी गल्ल्यातले निम्म्याच्या आसपास कंपनीकडे आले, आणि जाहिरात व प्रिंटचा खर्च वेगळाच. म्हणजे गल्ला खर्चापेक्षा थोडा जास्त दिसला तरी चित्रपट बुडालेला असतो. आज हे दोन्ही चित्रपट अभ्यासक्रमात शिकवले जातात. त्यांचे प्रेक्षक थिएटरात नाही, व्हिडिओवर जमले.

आणि 'हेवन्स गेट'. १९ नोव्हेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये तो दाखवला गेला, टीका इतकी झाली की आठवड्याभरात मागे घेतला, कापून पुढच्या वर्षी पुन्हा लावला. सुमारे ४ कोटी ४० लाख खर्च, ३५ लाखांच्या आसपास गल्ला. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ या कलावंतांनी १९१९ मध्ये स्थापलेली युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी त्यानंतर तिच्या मालकांनी विकून टाकली, १९८१ मध्ये ती एमजीएम या स्टुडिओकडे गेली. त्या दशकात स्टुडिओंनी दिग्दर्शकांच्या हातातली तिजोरीची किल्ली काढून घेतली, त्याची सुरुवात लोक या घटनेपासून धरतात. मला ते बरंचसं पटतं, पण पूर्ण नाही. त्याच वर्षी ३५ लाखांत बनलेला 'एअरप्लेन!' ८ कोटी ३० लाख कमवत होता आणि 'नाइन टू फाइव्ह' १० कोटी ओलांडत होता. स्टुडिओला धाक आणि मोह दोन्ही एकाच वेळी दिसत होते, आणि माझ्या अनुभवात धंदा धाकापेक्षा मोहाने जास्त बदलतो.

या पाच वर्षांत आणखी दोन गोष्टी बदलल्या, त्या थोडक्यात. एक, आकडे धंद्याबाहेर गेले. 'व्हरायटी'ची साप्ताहिक यादी निवडक शहरांतल्या थिएटरांच्या नमुन्यावर बनायची आणि धंद्यातलेच लोक ती वाचायचे. संगणकावर देशभरचे आकडे गोळा होऊ लागले, १९८१ मध्ये 'एंटरटेनमेंट टुनाइट' हा टीव्ही कार्यक्रम आणि सप्टेंबर १९८२ मध्ये 'यूएसए टुडे' हे दैनिक सुरू झालं, आणि कोणता चित्रपट पहिला आला हे सामान्य प्रेक्षकाला सोमवारी-मंगळवारी कळू लागलं. लोक पहिल्या क्रमांकाचा चित्रपट बघायला जाऊ लागले. दोन, व्हिडिओ. घरी टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं बेकायदा नाही असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ ला व्हिडिओ रेकॉर्डर बनवणाऱ्या सोनीच्या बाजूने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तोवर कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांनी बाजार उभा केलाच होता. 'ई.टी.' मात्र १९८८ पर्यंत कॅसेटवर आला नाही, आणि ते जाणूनबुजून होतं: थिएटरातली पुन्हा फेरी त्यांना हातची घालवायची नव्हती.

आता 'गांधी'. हा तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण अमेरिकन तिकीटबारीच्या गोष्टीत आपली माणसं इथे खरोखर आहेत. डिसेंबर १९८२ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत मोजक्या थिएटरांत लागला आणि हळूहळू पसरला. त्याचा तिथला गल्ला ५ कोटी २७ लाख डॉलरच्या आसपास. निर्मितीखर्च सुमारे २ कोटी २० लाख, त्यात भारताच्या एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचाही पैसा होता. वरच्या यादीत तो नाही याची कारणं साधी आहेत. लांबी ३ तास ११ मिनिटं, म्हणजे 'ई.टी.'चे जिथे दिवसाला पाच खेळ बसतात तिथे याचे तीन. मुलांना घेऊन दुसऱ्यांदा जाण्याचा हा चित्रपट नाही. आणि समोर त्याच महिन्यात 'टूटसी' होता. तरीही परदेशी इतिहासावरच्या, तीन तासांच्या चित्रपटाने अमेरिकेत पाच कोटी कमवणं हा मी मोठा व्यवसाय मानतो. ११ एप्रिल १९८३ ला त्याने 'ई.टी.'ला मागे टाकून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेतलं. हे पारितोषिक 'ई.टी.'लाच मिळेल असं आपल्याला वाटत होतं, असं 'गांधी'चे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांनी स्वतः सांगितलं आहे.

त्या रात्री वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत घेणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मोलो यांच्याकडे 'स्टार वॉर्स'च्या वेशभूषेसाठी मिळालेलं ऑस्कर आधीच होतं. म्हणजे त्या काळातल्या सगळ्यांत मोठ्या कमाईच्या मालिकेला कपडे चढवणारा माणूस आणि आपल्या कोल्हापूरची बाई एकाच मंचावर उभे होते. कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. १९८४ मध्ये अमरीश पुरी 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम'मध्ये खलनायक मोलाराम झाले. त्या चित्रपटाच्या भारताच्या चित्रणावर इथे रोष झाला तो रास्त होता असं मला आजही वाटतं. पण धंद्याच्या दृष्टीने त्याचा दुसरा परिणाम टिकला. तो आणि 'ग्रेमलिन्स' बघून घाबरलेल्या मुलांच्या पालकांनी तक्रारी केल्या, आणि १ जुलै १९८४ पासून अमेरिकेत पीजी-१३ हा, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारा, नवा दर्जा सुरू झाला. ऑगस्टमध्ये 'रेड डॉन' हा त्या दर्जाचा पहिला चित्रपट लागला. आजचे बहुतेक महागडे चित्रपट याच खिडकीतून येतात.

तर तक्ता कसा करायचा? मूळ प्रदर्शनाचा गल्ला हा मुख्य रकाना ठेवा. शेजारी पहिल्या वीकेंडचा गल्ला आणि थिएटरांची संख्या. मग मूळ प्रदर्शनाच्या गल्ल्याला पहिल्या वीकेंडच्या गल्ल्याने भागून आलेली पट. पुनःप्रदर्शनाचा पैसा वेगळ्या रकान्यात आणि वितरकाचा वाटा, मिळत असेल तर, शेवटी. त्या वर्षाचा सरासरी तिकीटदरही वरती लिहून ठेवा: १९८० ला २ डॉलर ६९ सेंट, १९८४ ला ३ डॉलर ३६ सेंट. पाच वर्षांत दर एक चतुर्थांश वाढला, म्हणून १९८० चे २० कोटी आणि १९८४ चे २० कोटी सारखे नाहीत. 'रिटर्न ऑफ द जेडाय'ने २५ मे १९८३ या बुधवारी एका दिवसात ६२ लाखांचा विक्रम केला आणि २५ कोटी २० लाखांपर्यंत गेला, पण त्याच्या आकड्याची 'एम्पायर'शी तुलना करताना हा फरक वजा करावा लागेल.

एका ओळीवर तुम्ही नक्की अडाल, म्हणून आधीच सांगतो. १९८४ चा पहिला कोण? ८ जूनला लागलेल्या 'घोस्टबस्टर्स'चा मूळ प्रदर्शनातला गल्ला २२ कोटी ९० लाख. ५ डिसेंबरला लागलेल्या 'बेव्हर्ली हिल्स कॉप'चा २३ कोटी ४० लाखांच्या वर, आणि त्यातला बराचसा पैसा १९८५ मध्ये आला. म्हणजे मूळ प्रदर्शन धरलं तर एडी मर्फीचा हा चित्रपट पुढे. पण 'घोस्टबस्टर्स' १९८५ मध्ये पुन्हा लागला, ते मिळवलं की तो २३ कोटी ८० लाखांच्या पुढे जातो. आणि वितरकाच्या वाट्यात तर तो सरळच वर आहे, १३ कोटींहून जास्त, समोरच्याचे ११ कोटींच्या आत. तुमच्या मुख्य रकान्याप्रमाणे पहिली ओळ 'बेव्हर्ली हिल्स कॉप'ची होईल. ती तशीच लिहा, आणि खाली तळटीप देऊन 'घोस्टबस्टर्स'चे उरलेले दोन्ही आकडे जोडा.